खोटे बोलणारा काटा

मोटारीत पुढच्या सीटवर बसण्याची संधी तुम्हांला कधी तरी मिळाली असेल. चालकासमोर दोन-तीन चकत्या असतात. एक वेगाची. दुसरीवर पेट्रोल पंपाचे लहानसे चित्र असते आणि 'ई' व 'एफ' अशी दोन अक्षरे असतात. 'ई' म्हणजे टाकी रिकामी, 'एफ' म्हणजे टाकी भरलेली. या दोन अक्षरांच्या मध्ये एक काटा हळूहळू सरकत असतो. चालक त्या काट्यावर विश्वास ठेवून शंभर-शंभर मैलांचा प्रवास करतो. टाकीत डोकावून कोणीच पाहत नाही.

हा काटा खोटे बोलू लागला तर?

माझ्या शेजाऱ्यांना हा अनुभव आला. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणतो. त्यांची एक जुनी, पण नीट राखलेली छोटी मोटार आहे. त्यांच्या अम्मींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नाशिकच्या एका रुग्णालयात ठरली होती. सकाळी नऊची वेळ दिली होती. चाचा पहाटेच अम्मींना घेऊन मालेगावहून निघाले. काटा पाव टाकीच्या थोडा वर होता. एवढ्या पेट्रोलमध्ये नाशिक सहज गाठता येईल, असा त्यांचा हिशेब होता. चांदवडच्या अलीकडे राहुड घाटात गाडीने दोन-चार आचके दिले आणि ती बंद पडली. काटा तेव्हाही पावाच्या वरच होता! बिचाऱ्या चाचांनी बॅटरी पाहिली, तारा हलवून पाहिल्या. पेट्रोल संपले असेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवलीही नाही. शेवटी एका टेंपोचालकाने थांबून टाकीवर कान लावला, गाडी हलवली आणि तो म्हणाला, "चाचा, टाकी कोरडी आहे."

अम्मी नाशिकला पोहोचल्या तेव्हा दुपार झाली होती. शस्त्रक्रिया आठ दिवस पुढे गेली.

नवलाची गोष्ट पुढेच आहे. या प्रवासाच्या तीनच आठवडे आधी चाचांनी एका गॅरेजमध्ये नेमके हेच काम करून घेतले होते. पेट्रोल मोजणारा भाग बदलून नवा बसवला होता आणि त्यासाठी आठ हजारांहून अधिक रुपये मोजले होते. भाग नवा, तरी काटा खोटा. असे कसे झाले? हे समजून घ्यायचे असेल तर आधी टाकीत काय असते ते पाहू या.

पेट्रोलच्या टाकीत एक पोकळ किंवा हलका तुकडा पेट्रोलवर तरंगत असतो. याला तरंगक म्हणू. कारागीर त्याला 'फ्लोट' म्हणतात. तो एका वाकड्या तारेच्या टोकाला बसवलेला असतो. पेट्रोल वाढले की तरंगक वर चढतो, पेट्रोल कमी झाले की खाली येतो. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत नळ बंद करणारा गोळा तुम्ही पाहिला असेल. त्याचाच हा लहान भाऊ समजा. फरक एवढाच की पाण्याचा गोळा नळ बंद करतो आणि हा तरंगक विजेला बातमी देतो.

ही बातमी कशी दिली जाते? तारेच्या दुसऱ्या टोकाला धातूचे बारीक बोट असते. ते एका पट्टीवर पुढे-मागे घासत राहते. या पट्टीतून वीज जाताना तिला अडथळा होतो. या अडथळ्याला मराठीत 'रोध' म्हणतात. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात यालाच 'मुजाहमत' म्हटले आहे. बोट पट्टीच्या एका टोकाला असेल तर रोध कमी, दुसऱ्या टोकाला असेल तर रोध जास्त. रोध 'ओहम' या एककात मोजतात. जर्मनीतील गेओर्ग ओहम या शास्त्रज्ञाने १८२७ साली आपला प्रसिद्ध नियम मांडला, त्याचे नाव या एककाला दिले आहे. परीक्षेपुरता पाठ केलेला हा नियम गॅरेजमध्ये रोज कामाला येतो, हे तुम्हांला पुढे दिसेलच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सगळ्या गाड्यांत रोध एकाच दिशेने वाढत नाही. काही अमेरिकन काट्यांत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असे माप असते, म्हणजे पेट्रोल वाढले की रोध घटतो. दुसऱ्या काही गाड्यांत याच्या उलट, रिकाम्या टाकीला सुमारे ४० ओहम आणि भरलेल्या टाकीला २५० ओहम असतात. म्हणून कारागिराने त्या गाडीची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय अंदाज बांधू नये. चाचांची गाडी या दुसऱ्या प्रकारची होती. हे लक्षात असू द्या, कारण सारी गंमत यातच आहे.

जुन्या काळच्या ॲम्बॅसडर किंवा प्रीमिअर पद्मिनी गाड्यांत टाकीतील हा भाग तारेने थेट काट्याला जोडलेला असे. मध्ये कोणी नव्हते. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात निघून गेली. जुन्या स्कूटरला तर काटाच नसे. पेट्रोल संपत आले की स्कूटर अडखळे, मग चालक एक चावी फिरवून राखीव पेट्रोल सुरू करी. त्या पद्धतीत खोटे बोलायला कोणी नव्हते, हेही खरे!

आजच्या मोटारीत टाकी आणि काटा यांच्या मध्ये एक संगणक बसला आहे. हा आपल्या शाळेतल्या संगणकासारखा पडद्याचा नसतो. ती धातूची एक बंद पेटी असते. इंजिन किती गरम झाले, हवा किती आत आली, पेट्रोल किती उरले, धूर कसा आहे, अशा अनेक बातम्या तिच्याकडे तारांनी येतात. या बातम्या पाठवणाऱ्या भागांना 'सेन्सर' म्हणतात. मराठीत 'संवेदक' असा शब्द आहे, पण गॅरेजमध्ये तो म्हणालात तर कोणाला कळणार नाही. आपणही सेन्सरच म्हणू.

एखादी बातमी अशक्य वाटली तर संगणक ती तशीच सोडून देत नाही. तो आपल्या स्मरणात एक खूण नोंदवतो आणि समोरच्या फळीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लावतो. या खुणेला बिघाडाचा संकेतांक म्हणतात. गॅरेजमध्ये सरळ 'कोड' म्हणतात.

ही पद्धत आली कोठून? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोटारींच्या धुराने लोक हैराण झाले होते. इंजिनात बिघाड झाला की धूर वाढतो, पण मालकाला तो दिसत नाही. म्हणून बिघाड गाडीनेच ओळखावा आणि मालकाला सांगावा, असा नियम तेथे १९८८ च्या गाड्यांपासून लागू झाला. पुढे १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत नव्या मोटारींना एकाच नमुन्याची पद्धत बंधनकारक झाली. आपल्या देशात ती टप्प्याटप्प्याने २०१० आणि २०१३ सालच्या नियमांनी आली. त्यामुळे आज बहुतेक मोटारींत सुकाणूच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा छिद्रांची एक जोडणी सापडते. तेथे स्कॅनर नावाचे यंत्र जोडले की संगणकाची नोंद वाचता येते.

चाचांच्या गाडीत 'पी०४६३' असा संकेतांक आला होता. तो नीट वाचू या. 'पी' हे अक्षर इंजिन आणि त्याची शक्ती चाकांपर्यंत नेणारे भाग यांच्यासाठी आहे. दरवाजे, दिवे इत्यादींसाठी 'बी', ब्रेक आणि सुकाणूसाठी 'सी' आणि संगणकांच्या आपसांतल्या संभाषणासाठी 'यू' असते. पुढचे शून्य सांगते की हा संकेतांक सर्व कंपन्यांना समान आहे. तेथे १ असता तर त्या कंपनीचा खास अर्थ पाहावा लागला असता. त्यापुढचा ४ हा आकडा धूर आणि वाफ आवरणाऱ्या यंत्रणेचा आहे.

तुम्ही विचाराल, पेट्रोलच्या काट्याचा धुराशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. टाकीतून पेट्रोलची वाफ बाहेर गळत नाही ना, याची तपासणी अनेक गाड्यांत, विशेषतः अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत, संगणक स्वतः करतो. टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असेल तर ही तपासणी बरोबर होत नाही. साधारणपणे १५ ते ८५ टक्के पेट्रोल असतानाच ती केली जाते. म्हणून पेट्रोल किती आहे हे संगणकाला ठाऊक असावेच लागते आणि म्हणूनच हा संकेतांक धुराच्या कुटुंबात बसला आहे.

आता शेवटचे दोन आकडे. याच मापाविषयीच्या सख्ख्या भावांपैकी चार पाहू. पी०४६० म्हणजे पेट्रोल मोजणाऱ्या सेन्सरच्या परिपथात बिघाड. पी०४६२ म्हणजे त्या परिपथातील विजेचा दाब फार कमी. पी०४६३ म्हणजे दाब फार जास्त. चौथा भाऊ पी०४६१ मोठा हुशार आहे. इंजिनात किती पेट्रोल फवारले याचा हिशेब संगणकाजवळ असतोच. गाडीने दहा-पंधरा लिटर पेट्रोल जाळले, पण तरंगक जागचा हललाच नाही, तर दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत. अशा वेळी संगणक पी०४६१ नोंदवतो. तरंगक अडकला, त्याला भोक पडून तो बुडाला किंवा पट्टी खराब झाली, तर हा भाऊ हजर होतो.

पट्टी खराब होण्याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. २००४ च्या मे महिन्यात फ्लोरिडा, लुइझियाना आणि आसपासच्या भागांत गंधकाचे प्रमाण बिघडलेले पेट्रोल विकले गेले. पट्टीवरील संपर्काच्या जागी चांदी वापरलेली असते. घरातील चांदीचे दागिने काळे पडतात ते तुम्ही पाहिले असेल. तसाच काळा थर गंधकामुळे या चांदीवर चढला आणि अनेक मोटारींचे काटे चुकीचे पेट्रोल दाखवू लागले. शेवटी ते पेट्रोल विकणे थांबवावे लागले.

आता पुन्हा चाचांकडे वळू. पहिल्या गॅरेजमधील मुलाने स्कॅनर जोडला. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली. तिचा अर्थ असा होता: 'पेट्रोल पातळी सेन्सरचा परिपथ, दाब जास्त'. मुलाने त्यातला 'सेन्सर' हा एक शब्द वाचला आणि निकाल दिला, "सेन्सर गेला, बदलावा लागेल." या गाडीत हा सेन्सर पेट्रोलच्या पंपासह एकाच संचात येत होता. म्हणून सगळा संच बदलला, संकेतांक पुसला आणि दिवा विझला. चाचा खूश झाले.

भाषेच्या पुस्तकात मोटारीचा धडा का, असे कोणाला वाटत असेल तर त्याने ती ओळ पुन्हा वाचावी. तीत 'परिपथ' असा शब्द होता. परिपथ म्हणजे विजेचा पूर्ण रस्ता: संगणकापासून निघालेली तार, मधल्या जोडण्या, सेन्सर आणि तेथून गाडीच्या पत्र्याकडे परत जाणारी तार. संगणकाने फक्त एवढेच सांगितले होते की या रस्त्यावर कोठे तरी गडबड आहे. गडबड कोठे आहे हे त्याला माहीतच नव्हते. एक शब्द गाळल्यामुळे आठ हजार रुपये गेले.

घाटातल्या प्रसंगानंतर चार दिवसांनी तो पिवळा दिवा पुन्हा लागला. या वेळी चाचा एका वयस्कर कारागिराकडे गेले. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांचे गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक बाक आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. मीही चाचांबरोबर गेलो होतो, म्हणून पुढचे सारे मला प्रत्यक्ष पाहता आले.

उस्तादांनी आधी बॉनेट उघडले नाही की स्कॅनर काढला नाही. त्यांनी चहा मागवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. आजाराचे कारण ओळखण्याला मराठीत निदान म्हणतात, उर्दूत तशखीस. चांगला हकीम नाडीला हात लावण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो, तसेच हे होते.

"टाकी भरल्यावर काटा कसा चालतो?"

"उस्ताद, भरल्यावर तर तो फार वेळ 'एफ'वरून हलतच नाही," चाचा म्हणाले. "मला वाटले, गाडी ॲव्हरेज छान देते आहे."

उस्ताद हसले. "दिवा कधी लागतो? चांगल्या रस्त्यावर की खराब?"

चाचांनी जरा आठवून सांगितले, "खड्ड्यांच्या रस्त्यावर. पावसाळ्यापासून जास्त."

मग उस्तादांनी स्कॅनर जोडला. पी०४६३ पुन्हा जमा झाला होता. तो त्यांनी लगेच पुसला नाही. बिघाड नोंदला त्या वेळी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती गरम होते, अशी माहितीही संगणक अनेकदा जपून ठेवतो. संकेतांक पुसला की ही माहितीही जाते. चोरी झालेल्या घरात पोलीस येण्यापूर्वीच झाडू मारावा, तसे ते होते. उस्तादांनी सारे आकडे एका वहीत उतरवून घेतले. काटा त्या वेळी जवळजवळ अर्ध्यावर होता.

यापुढचे काम समजण्यासाठी थोडे गणित करू या. संगणक एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट दाब पाठवतो. हा रोध त्याच्या पेटीतच असतो. आपल्या हिशेबासाठी तो २०० ओहम धरू. पुढे तार टाकीतील सेन्सरकडे जाते आणि सेन्सरमधून गाडीच्या पत्र्याला मिळते. पत्र्याला जोडणाऱ्या तारेला कारागीर 'अर्थ' म्हणतात. म्हणजे ५ व्होल्ट दोन रोधांत वाटले जातात. ज्याचा रोध मोठा, त्याच्या वाट्याला दाब अधिक. सेन्सरच्या वाट्याला किती दाब आला, तेवढेच संगणक मोजतो आणि त्यावरून पेट्रोल ठरवतो.

सेन्सरचा रोध २०० ओहम असेल तर दाब निम्मा, म्हणजे अडीच व्होल्ट. रोध ५० असेल तर ५ गुणिले ५० भागिले २५०, म्हणजे एक व्होल्ट. आता दोन टोके पाहा. तार मध्येच तुटली तर वीज पुढे जाणारच नाही, मग संगणकाला पूर्ण ५ व्होल्ट दिसतील. हाच 'दाब जास्त'. उलट सेन्सरकडे जाणारी तार सोलून पत्र्याला चिकटली तर दाब शून्य होईल. हा 'दाब कमी'.

चाचांच्या गाडीत 'दाब जास्त' असा संकेतांक होता. म्हणजे रस्ता कोठे तरी तुटत होता. पण कोठे? तुटण्याच्या जागा तीन: संगणकाकडून येणारी तार, खुद्द सेन्सर आणि अर्थची तार. पहिल्या गॅरेजने तिघांतल्या एकाला न विचारता फाशी दिले होते.

उस्तादांनी मागची सीट उचलली. अनेक छोट्या मोटारींत टाकीचे झाकण येथेच असते. शेडचे दोन्ही दरवाजे त्यांनी सताड उघडले आणि बाकावरच्या एकाला बिडी घेऊन दूर जायला सांगितले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचून राहते आणि एका ठिणगीने पेटते. त्यांनी टाकी उघडलीही नाही, फक्त वरची तारांची जोडणी अलग केली. तुम्ही मात्र हे घरी करून पाहू नका. ज्या तारांवर हे प्रयोग चालतात त्यांच्या शेजारीच पंपाची १२ व्होल्टची जाडी तार असते. ती चुकून पत्र्याला लागली तर ठिणगी उडते आणि फ्यूज जातो. उस्तादांनी आधी माहितीपुस्तिकेतून तारांचे रंग तपासून घेतले होते.

जोडणी सुटल्यावर त्यांनी प्रथम सेन्सरच्या दोन टोकांमधला रोध मोजला. मल्टिमीटरने ८२ ओहम दाखवले. तुम्ही हिशेब करा. रिकाम्या टाकीला ४० आणि भरलेल्या टाकीला २५०, म्हणजे पूर्ण टाकीसाठी २१० ओहमांचा फरक. ८२ मधून ४० गेले, उरले ४२. २१० चा ४२ हा पाचवा हिस्सा. म्हणजे सेन्सर सांगत होता, 'टाकीत पाचवा हिस्सा पेट्रोल आहे'. काटा सांगत होता, 'अर्धी टाकी आहे'. एकाच घरातील दोन माणसे दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती!

चाचांनी एक शहाणपण केले होते. पहिल्या गॅरेजमधून बदललेला जुना संच त्यांनी मागून घेतला होता आणि तो पिशवीत बरोबर आणला होता. उस्तादांनी त्याचा तरंगक हाताने सावकाश वर-खाली केला. खाली ४०, वर २५०, मध्ये कोठेही आकडा उडाला नाही. जुना सेन्सर अगदी निरोगी होता. चाचांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता.

आता उरल्या दोन तारा. उस्तादांनी गाडीची चावी फिरवली, पण इंजिन सुरू केले नाही. मीटरची काळी सुई त्यांनी पत्र्याच्या एका घासून स्वच्छ केलेल्या जागी टेकवली आणि लाल सुई संगणकाकडून येणाऱ्या तारेला लावली. मीटरने ५ व्होल्ट दाखवले. म्हणजे संगणक आणि तेथवरची तार ठीक.

मग त्यांनी तारेचा लहानसा तुकडा घेतला आणि ही तार जोडणीतील अर्थच्या तारेला जोडली. मध्ये सेन्सर नव्हता, म्हणजे रोध नव्हता. आता दाब शून्य व्हायला हवा. पण मीटरवर १.१५ व्होल्ट होते! त्यांनी तुकड्याचे दुसरे टोक काढून सरळ स्वच्छ पत्र्याला लावले. मीटर शून्यावर गेला. पुन्हा अर्थच्या तारेला लावले, पुन्हा १.१५.

उस्ताद माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, चोर सापडला."

मलाही तोपर्यंत दिसले होते. रोध नसावा तेथे रोध होता. चावी बंद करून त्यांनी अर्थच्या तारेचा पत्र्यापर्यंतचा रोध मोजला, तो ६० ओहम भरला. तेथे एक ओहमही असायला नको. हे ६० ओहम सेन्सरच्या ८२ मध्ये मिळत होते. बेरीज १४२. संगणकाला हे दोन वेगळे आकडे दिसत नाहीत, त्याला फक्त बेरीज दिसते. १४२ म्हणजे जवळजवळ अर्धी टाकी. बिचारा संगणक आपल्या परीने खरेच बोलत होता.

घाटात काय घडले तेही आता तुम्ही स्वतः काढू शकता. रिकाम्या टाकीचे ४० आणि गंजाचे ६०, मिळून १००. शंभरातून ४० गेले, उरले ६०. २१० पैकी ६० म्हणजे पावाहून थोडे अधिक. राहुड घाटात काटा नेमका तेथेच होता. टाकी भरलेली असताना बेरीज ३१० होई, म्हणून काटा कितीतरी वेळ 'एफ'वरच चिकटून राही. आणि खड्ड्यात गाडी आदळली की अर्थचा संपर्क काही क्षण पुरता सुटे, दाब ५ व्होल्टपर्यंत चढे आणि पी०४६३ नोंदला जाई. चाचांच्या तिन्ही उत्तरांचा उलगडा एका आकड्याने झाला.

याच गाडीत रोध उलट दिशेने चालणारा असता तर? मग गंजामुळे काट्याने पेट्रोल आहे त्यापेक्षा कमी दाखवले असते. चाचा लवकर पंपावर गेले असते, एवढेच. बिघाड तोच, पण एका गाडीत तो निरुपद्रवी आणि दुसरीत घाटात उभा करणारा.

अर्थची तार डिकीच्या कोपऱ्यात एका बोल्टखाली दाबलेली होती. मागच्या दिव्याचे रबर फाटले होते. तेथून पावसाचे पाणी झिरपून बोल्टच्या माथ्यावर पडत होते. बोल्ट गंजून तपकिरी झाला होता. पंपाची अर्थ दुसऱ्या जागी होती, त्यामुळे इंजिनाला काहीच त्रास नव्हता आणि कोणाला संशयही आला नव्हता. उस्तादांनी बोल्ट काढला, पत्रा आणि तारेचे टोक कागदाने घासून चकचकीत केले, नवा बोल्ट आवळला आणि वर ग्रीस लावले. दिव्याचे रबरही बदलले. रबर न बदलता नुसता बोल्ट बदलला असता तर पुढच्या पावसाळ्यात आपण पुन्हा भेटलो असतो, असे ते म्हणाले.

अर्थच्या तारेचा रोध पुन्हा मोजला. मीटरवर शून्याच्या जवळचा आकडा आला. जोडणी बसवली, चावी फिरवली. काटा अर्ध्यावरून हळूहळू खाली आला आणि पाचव्या हिश्श्यावर थांबला. मुद्दामच तो हळू सरकतो. वळणावर किंवा चढावर पेट्रोल टाकीत हिंदकळते, त्या प्रत्येक लाटेबरोबर काटा नाचू नये म्हणून संगणक घाई करत नाही.

पण उस्तादांचे समाधान एवढ्यावर झाले नव्हते. टाकी ३५ लिटरची होती. पाचवा हिस्सा म्हणजे ७ लिटर. जवळच्या पंपावर जाऊन त्यांनी मोजून १० लिटर पेट्रोल भरायला लावले. ७ आणि १० मिळून १७. काटा अर्ध्याच्या किंचित खाली येऊन थांबला. या वेळी तो खरे बोलत होता. त्यानंतरच त्यांनी संकेतांक पुसला आणि गाडी मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्याने दोनदा फिरवून आणली. दिवा लागला नाही.

सारे काम पाऊण तासात झाले. रबर, बोल्ट आणि मजुरी मिळून उस्तादांनी साडेतीनशे रुपये घेतले. चाचांनी विचारले, "उस्ताद, हा जुना संच आता भंगारात टाकू का?"

उस्तादांनी तो हातात घेऊन पाहिला आणि तरंगक पुन्हा एकदा वर-खाली केला.

"तो मला द्या," ते म्हणाले. "माझ्याकडे दोन मुले काम शिकायला आहेत."

आज तो संच त्यांच्या शेडमध्ये एका खिळ्याला टांगलेला आहे. खाली मीटरची एक जुनी जोडी ठेवलेली असते. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला तरंगक वर-खाली करून ४० पासून २५० पर्यंतचे आकडे वहीत लिहायला बसवतात. अम्मींची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात झाली. त्या वेळी चाचांनी निघण्यापूर्वी टाकी तर भरलीच, शिवाय किलोमीटरचा आकडाही एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला.